रिकाम्या मांडीची माउली

"आय, आज टोपली राहू दे," मी म्हणाले. "आज कोण घेणार मासळी?"

सासूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ओट्यावर फतकल मारून ती बोंबलांवर बर्फाचा चुरा पसरत होती. चुरा पसरून झाला, वर ओलं पोतं टाकलं, डोक्यावर चुंबळ बसवली आणि मगच तिनं माझ्याकडं बघितलं.

"आगरवाडीतले खातात. त्यांना काय आपल्या माउलीचा उपास नाय."

"पण लोक काय म्हणतील?"

"लोक रोजच म्हणतात. आज वेगळं काय म्हणणार? लाव हात."

मी हात लावला. टोपली डोक्यावर चढली तशी तिची मान ताठ झाली, आणि सणाचे धुतलेले कपडे घालून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या मधून, कोणाकडंही न बघता, ती टेकडीच्या वाटेला लागली. आगरवाडी टेकडीपलीकडं. त्याच वाटेनं थोड्या वेळानं माउली चढणार होती.

आमच्या नांदखाडीत ईस्टर जवळ आला की, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी, दुःखी माउलीची यात्रा भरते. त्या दिवशी होड्या पाण्यात जात नाहीत आणि घरात चूल पेटत नाही. खाडीच्या दोन्ही अंगांच्या बंदरांवरून माणसं अनवाणी येतात. वर्षभरात ज्याच्या घरी कोणी गेलं असेल, तो तर येतोच येतो.

मूर्ती सागवानी आहे. फार पूर्वी आमच्याच बंदरावरच्या एका सुतारानं घडवली. तो माणूस जन्मभर होड्या बांधत आलेला. आई त्यानं एका ओंडक्यातून काढली आणि खुरसावरून, म्हणजे क्रुसावरून, उतरवलेला लेक जेजू दुसऱ्यातून. त्यामुळं लेक आईच्या मांडीवर ठेवता येतो, उचलता येतो. दहा-बारा वर्षांच्या पोराएवढा असेल. पण लाकूड जुनं, भरीव, चांगलंच जड. यात्रेला दोघं वेगवेगळे चढतात. पुढं आई, आठ जणांच्या खांद्यावर, मांडी रिकामी. मागून लेक, पांढऱ्या चादरीवर, एकाच माणसाच्या हातांत. टेकडीवरच्या छोट्या चर्चमध्ये, कपेलात, पोचलं की लेकाला आईच्या मांडीवर ठेवायचं. मगच घंटा वाजते, बँड वाजतो, आणि गावाचा उपास सुटतो.

लेक उचलण्याचा मान त्या सुताराच्या घराण्याचा. माझ्या वेळी तो बावतीसआबांकडं होता.

माझं नाव कोन्सू. मी या गावची सून. पेदरूशी लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं, तेव्हा दिवाळीनंतरच्या वादळात त्याची बोट उलटली. बोटीवर चौघं होते. तिघांचे देह किनाऱ्याला लागले. एक तर पार लांब, दुसऱ्या गावच्या वाळूत सापडला. त्यांना आणलं, पुरलं, त्यांच्या बायका काळ्या साड्या नेसल्या. पेदरू लागला नाही. माणसांनी खाडी धुंडाळली, खडक धुंडाळले, शेवटी सगळे गप्प झाले. माझी सासू लुशीबाय तेवढी गप्प झाली नाही.

"लागला नाय म्हणजे मेला नाय," ती म्हणाली. "कुठंतरी असंल. कोणीतरी उचलला असंल दुसऱ्या बोटीनं."

मला काळी साडी नेसायची मनाई होती. मी फुलाफुलांच्या साड्या नेसून बंदरावर बर्फ फोडायला जायची, आणि बायका माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करायच्या. घरात कधी डोळे भरून आले की सासू कुठून तरी समोर यायची.

"कोणासाठी रडतेस?"

मी पदरानं डोळे पुसायची.

"माणूस जिता असताना रडू नये. त्याच्या वाटेत येतं ते."

पुढच्या वर्षी मेलेल्यांच्या सणाला फादर नेविलनी मिस्साच्या प्रार्थनेत गावच्या मयतांची नावं वाचली. तिघांच्या नावांनंतर त्यांनी पेदरूचंही वाचलं. नवीन होते, तरुण होते. त्यांना वाटलं असेल, नाव राहून गेलं तर आम्हाला वाईट वाटेल. सासू बाकावरून उठली. भरल्या चर्चमध्ये ओरडली, "माझा पोर मेला नाय! खोडा त्याचं नाव!" आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. जाताना बाजूच्या कोनाड्यातल्या दुःखी माउलीसमोर क्षणभर थांबली. मला वाटलं, पाया पडेल. तिनं पाठ फिरवली, आणि त्यानंतर चर्चची पायरी चढली नाही.

फादर दोनदा घरी आले. तिनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, विषय काढला की टोपली उचलून निघून गेली. देवावर रुसली, असं गाव म्हणायचं. मलाही तसंच वाटायचं.

माझा भाऊ मानवेल मला न्यायला आला होता. "किती दिवस राहशील अशी?" तो म्हणाला. "धड बायको नाहीस, धड विधवा नाहीस." खोटं नव्हतं ते. पण त्या घरातून निघायचं तर आधी पेदरू गेला, असं म्हणावं लागलं असतं, आणि रोज पहाटे बंदरावर शिरणाऱ्या प्रत्येक बोटीत वाकून बघणाऱ्या त्या बाईसमोर ते मला म्हणवलं नसतं. मानवेल एकटाच परत गेला.

अशी तीन वर्षं गेली.

त्या शुक्रवारी मी बायकांच्या रांगेत चालत होते. ऊन मी म्हणत होतं. टेकडी सगळी कातळाची. पायाला चटके बसत होते, तरी कोणी चपला घातल्या नव्हत्या. पुढं माउली हलत डुलत चालली होती. खालून मला तिचे हात तेवढे दिसत होते. लेक मांडीवर असताना ते त्याला धरून असतात, त्यामुळं हात असे लक्षात येत नाहीत. मांडी रिकामी असली की एक हात नुसताच पुढं आलेला दिसतो, तळवा वर, काहीतरी मागत असल्यासारखा. माझ्या शेजारची बाई हळूच म्हणाली, "बघवत नाय गो." आणि जपमाळेचे मणी ओढत राहिली.

अर्ध्याच्या वर एक वळण आहे. एका अंगाला उभा कातळ, दुसऱ्या अंगाला करवंदीच्या जाळ्या आणि खाली घळ. आम्ही वळणाशी पोचलो आणि समोरून, वरच्या बाजूनं, सासू उतरताना दिसली. मासळी खपवून ती परत निघाली होती. रिकामी टोपली काखेत. एवढी माणसं बघून ती थबकली. परत फिरली असती तर पळाल्यासारखं दिसलं असतं. ती कातळाला लागून उभी राहिली आणि माउली जवळ आली तसं तिनं कातळाकडं तोंड केलं.

त्या अंगाचे खांदेकरी तिच्या पाठीला घासून गेले. गावचा सांतान पाटील, चर्चच्या कमिटीचा मुख्य, यात्रेच्या पुढं चालत होता. त्यानं तेवढं मान वळवून बघितलं आणि ओठ आवळले.

मागून बावतीसआबा आले. चादरीवर आडवा घेतलेला लेक त्यांच्या हातांवर होता. आबांचं वय झालं होतं, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि दोन पोरं धरायला पुढं आली तर त्यांनी "हटा" म्हणून झिडकारली होती. वळणावर त्यांचा पाय सुट्या खडीवर पडला. गुडघा दुमडला. चादर एका बाजूनं सुटली आणि लेकाचं डोकं घळीच्या बाजूला कललं.

बायका किंचाळल्या. सासू वळली.

तिनं टोपली कधी टाकली ते मी बघितलं नाही. टोपली टपटप आपटत घळीत गेली, तो आवाज आठवतो. मी बघितलं तेव्हा ती गुडघ्यांवर होती आणि लाकडी देह तिच्या दोन्ही हातांत होता, छातीशी आवळलेला. तिच्या कोपरातून रक्त येत होतं.

सगळे "जेजू! जेजू!" करत धावले. कोणी आबांना सावलीला बसवलं, पाणी पाजलं. त्यांना फारसं लागलं नव्हतं. सांतान पाटील माणसं बाजूला सारत आला.

"देवानं राखलं," तो म्हणाला. "लुशी, दे इकडं."

ती उभी राहिली. लेक तिच्या हातांतच होता.

"दे म्हटलं ना. उशीर होतोय."

"कोणाला देऊ?"

"मला दे. नायतर या पोरांना दे. बाईमाणसानं उचलायची रीत नाय."

"रीत," ती म्हणाली. "मग पोराला पोटात कोणी वागवला होता? कमिटीनं?"

मागं कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सांतान लाल झाला. "दोन-अडीच वर्षं चर्चमध्ये पाऊल टाकलं नायस. आज यात्रेच्या दिवशी मासळी विकून आलीस. आणि आता देवाचा देह धरून बसलीस? तुला काय हक्क?"

मला वाटलं, आता ती भडकणार. पण तिचा आवाज चढला नाही. उलट खाली आला, इतका की पुढची माणसं मागच्यांना गप्प करू लागली.

"सांतान, मी तिच्याकडं पाठ करते ते तुम्ही सगळे बघता. का करते, कोणी विचारलं?" तिनं मान वळवली. पुढं आठ जणांच्या खांद्यावर थांबलेली माउली वळणावरून दिसत होती. "तुम्ही तिच्यासाठी रडता. बिचारीचा पोर मारला. मारला, खरं हाय. पण तिला मिळाला ना? तिच्या मांडीवर दिला ना आणून? तिनं त्याचं तोंड पुसलं असंल, केस सारखे केले असतील. मला काय मिळालं? एक चप्पल बी नाय. मी कोणाचं तोंड पुसू? रात्रंदिवस मी तिचा हेवा करत होते रे. माउलीचा हेवा. मग कुठल्या तोंडानं तिच्यासमोर येऊ?"

तीन वर्षं एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं. ती देवावर रुसली नव्हती, आणि पोर जिवंत आहे अशी भाबडी आशाही तिला उरली नव्हती. तिला ठाऊक होतं. केव्हापासून, देव जाणे. पण हातात देह आल्याशिवाय आईनं पोराला मेला कसं म्हणावं, हे तिला उमजत नव्हतं.

फादर नेविल पुढं आले. त्यांनी सांतानच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाटील, त्या नेतील."

"फादर, असं कधी झालेलं नाय. मान बावतीसच्या घराचा हाय."

कातळाच्या सावलीतून आबांचा आवाज आला, दम लागलेला पण करडा. "मान माझा हाय ना? मग मी देतो. घे लुशी. जा घेऊन."

सांतान बाजूला झाला.

माझी सासू चालू लागली. जन्मभर तिनं ओझी डोक्यावरून नेली होती. हातांवर एवढं वजन घेऊन चढ चढणं वेगळं. थोड्याच वेळात तिच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी पदरानं तिचं कपाळ टिपलं.

"आय, मी धरू का थोडा वेळ?"

"तू चादर धर. त्याच्या पायांवर ऊन येतंय."

मी चादरीचं टोक धरलं आणि लाकडी पायांवर सावली केली. खिळ्यांची भोकं होती त्यांना, तांबड्या रंगानं माखलेली. पुढचे खांदेकरी मागं वळून बघत रेंगाळायला लागले, तशी ती खेकसली, "थांबता कशाला? तिला पुढं घ्या. ती वाट बघतेय."

शेवटच्या चढावर तिचा श्वास मला ऐकू येत होता. मागं गाणं सुरू होतं ते हळूहळू थांबलं. सगळी यात्रा नुसती तिच्या पावलांकडं बघत चालली होती. एकदा ती डगमगली आणि शंभर माणसांच्या तोंडून एकदम "अरे!" निघालं. तिनं पाय घट्ट रोवला, देह वर सरकवून घेतला आणि पुन्हा चालू लागली.

माउलीला कपेलाच्या दारातल्या चौथऱ्यावर ठेवलं. सासू तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आता फक्त लेकाला मांडीवर ठेवायचं होतं.

तिनं ठेवलं नाही.

माणसं वाट बघत राहिली. घंटेच्या दोरीला हात लावून एक जण उभा होता, बँडवाल्यांनी बाजे ओठांना लावले होते. सांतान चुळबुळला, फादरनी बोटानं त्याला थांबवलं. सासू माउलीच्या तोंडाकडं बघत होती. त्या मूर्तीचं तोंड किंचित उघडं आहे. बाहेरचे लोक म्हणतात ती हुंदका देतेय. बंदरावरच्या बायका म्हणतात, लांबून कोणाला तरी हाक मारतेय.

"दमलीस?" सासूनं तिला विचारलं, शेजारणीला विचारावं तसं. "मी बी दमले." मग म्हणाली, "हा घे तुझा. नीट आणलाय, कुठं लागू दिलं नाय. माझा कोणी आणला नाय. तुझ्याकडं पोचला असंल तर त्याला बघ. त्याला उजव्या कुशीवर झोपायची सवय हाय."

ती वाकली आणि तिनं लेकाला मांडीवर ठेवलं. माउलीचा पुढं आलेला हात त्याच्या खाली अगदी बरोबर बसला. सासूनं त्याच्या कपाळावरची धूळ पदरानं पुसली, गालावरची पुसली, लाकडात कोरलेल्या केसांवरून बोटं फिरवली. मग कण्हत सरळ झाली आणि वळली. तिचा चेहरा लख्ख दिसत होता.

"फादर," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझ्या पेदरूची मिस्सा लावा. उद्याच लावा. माझा पोर मेला."

आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "कोन्सू, आता रड. मोठ्यांदा रड पोरी. मी हाय."

मी तिच्या गळ्यात पडले. तीन वर्षांचं सगळं बाहेर पडलं. मी कुठं आहे, कोण बघतंय, मला काही कळत नव्हतं. तिचे थरथरणारे दंड माझ्या पाठीवर होते तेवढं कळत होतं. आणि माझ्या रडण्यातच घंटा वाजली. दोरी सांतान पाटलानं ओढली होती, त्या माणसाच्या हातातून हिसकावून घेऊन. मग बँड सुरू झाला. शोकाची चाल ते वाट चढताना वाजवतात. वर पोचल्यावरची चाल वेगळी, पुनरुत्थानाच्या सणाची, कर्ण्यांची. ती टेकडीवरून खाडीवर गेली, खाडीवरून पलीकडच्या बंदरांवर. इतकी खणखणीत मी ती त्याआधी ऐकली नव्हती.

उपास सोडायला माणसं सावलीत बसली, तेव्हा मुळगाव बंदरावरची एक बाई सासूपाशी आली. वयानं माझ्याहून थोडी मोठी. "माझा नवरा बी लागला नाय," ती म्हणाली. "पाच वर्षं झाली. पुढल्या साली मी उचलू का?"

सासूनं बावतीसआबांकडं बघितलं. त्यांना दोघांनी धरून वर आणलं होतं; ते पेज पीत होते.

"मला काय विचारतेस," आबा म्हणाले. "माझे गुडघे गेले. उचलंल तिचा मान."

आणखी दोघी उठून जवळ येऊन बसल्या. एकीचा भाऊ लागला नव्हता, एकीचा लेक. त्यांची नावं गावात कोणी घेत नसे. त्या दिवशी त्यांनी ती आपणहून घेतली.

दुसऱ्या दिवशी पेदरूची मिस्सा झाली. चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. फादरनी नाव वाचलं तेव्हा सासू पहिल्या बाकावर होती आणि "आमेन" सगळ्यांत मोठ्यानं तिचंच होतं. बोटीवरच्या त्या तिघांच्या थडग्यांशेजारी आम्ही त्याच्या नावाचा खुरूस उभा केला. मी वर्षभर काळं नेसले. वर्ष सरल्यावर तिनंच माझ्यासाठी स्थळ बघितलं, बर्फाच्या गाडीवरचा रेमेत, आणि माझ्या आईच्या जागी ती स्वतः उभी राहिली. पोरं झाली ती तिच्या अंगाखांद्यावर वाढली.

पण त्याआधी, पुढच्याच यात्रेला, लेक मुळगावच्या त्या बाईनं उचलला. ती घाबरली होती. एवढी माणसं बघतायत, आपल्या हातून काही झालं तर. वळणाशी आल्यावर तिचे पाय अडखळायला लागले. माझी सासू तिथंच कातळाला टेकून उभी होती, वाटेकडं तोंड करून. ती पुढं झाली, तिच्या बरोबरीनं चालू लागली आणि तिच्या कानाशी म्हणाली,

"मान धर, पोरी. मानेखाली हात घाल. पोर कितीबी मोठा झाला तरी पहिली मान सांभाळायची. हां, अस्सं. चल आता."